दोन फुटी रुळांचा राजा

सुरुवातीलाच एक कबूल करते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी निबंध मी शेवटचा दहावीत लिहिला, तोही पावसाळ्यावर. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर दोष मला देऊ नका, ज्यांनी मेसमध्ये गाठून माझ्याकडून हा लेख कबूल करून घेतला त्या संपादक मंडळाला द्या!

लेख आहे एका महाराजांवर. कोल्हापुरात बसून महाराज म्हटलं की एकच नाव डोळ्यासमोर येतं, पण हे महाराज आपले नव्हेत. हे ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे. मी त्यांच्यापर्यंत कशी पोचले ते आधी सांगते, कारण ती वाट एका टीटी टेबलावरून गेली.

गेल्या वर्षी आम्ही पाच जणींनी टेक्निकल प्रदर्शनासाठी मॉडेल रेल्वे करायचं ठरवलं. जागा कुठली? तर हॉस्टेलच्या कॉमन रूममधलं टेबल टेनिसचं टेबल. (टीटी खेळणाऱ्या मुलींनी महिनाभर आमच्याशी अबोला धरला होता.) टेबल नऊ फूट बाय पाच फूट. वर्गणी काढून आम्ही एका दुकानातून रूळ आणले, चार सांधे आणले, इंजिन आणलं आणि जोडून टाकलं. सांधा म्हणजे जिथे एका रुळावरून गाडी दुसऱ्या रुळावर वळते ती जागा. ज्यांच्या घरी कुणी रेल्वेत असेल त्यांना सांधेवाला हा शब्द माहीत असेल. तर आमचं इंजिन सरळ रुळावर झकास पळायचं, आणि सांध्यावर आलं की घसरायचं. दर वेळी. कधी घसरलं नाही तर मधोमध बंद पडायचं, मग बोटाने ढकलायचं. प्रदर्शनाच्या दिवशी पाहुण्यांसमोर आमच्यातली एक जण दिवसभर बोट पुढे करून उभी होती.

नंतर वर्कशॉपच्या सरांनी आमची चूक दाखवली. आम्ही आधी रूळ घेतले होते आणि मग गाडीचा विचार केला होता. कुठली गाडी चालवायची, तिचं गेज काय, ती किती वळू शकते, हे ठरवल्याशिवाय रूळ घ्यायचेच नसतात. आमचे सांधे होते फार तीव्र कोनाचे आणि गाडी होती लांब तीन जोडी चाकांची. शिवाय सांध्याच्या मध्यभागी जिथे दोन रूळ एकमेकांना छेदतात, ज्याला रेल्वेवाले क्रॉसिंग म्हणतात आणि मॉडेलवाले फ्रॉग (हो, बेडूकच), तो भाग प्लॅस्टिकचा होता. प्लॅस्टिकमधून करंट जात नाही हे इलेक्ट्रिकलच्या पाच मुलींना कळू नये, यासारखं दुसरं दुर्दैव नाही!

मग आम्ही गणित मांडलं. आपल्याकडे इंजिनिअरिंगला असलेल्यांना हे आवडेल म्हणून देते. भारतीय रेल्वेच्या नियमाप्रमाणे ब्रॉडगेजचं सगळ्यात तीव्र वळण १० अंशाचं, म्हणजे सुमारे १७५ मीटर त्रिज्येचं. मीटरगेजचं १६ अंशाचं, १०९ मीटर. नॅरोगेजचं ४० अंशाचं, फक्त ४४ मीटर. मॉडेलचं नेहमीचं प्रमाण, ज्याला एचओ म्हणतात, ते आहे ८७ ला १. आता भागा. ब्रॉडगेजला २ मीटर त्रिज्या लागते, म्हणजे टेबल चार मीटरपेक्षा रुंद पाहिजे. मीटरगेजला अडीच मीटरच्या वर. आणि नॅरोगेजला त्रिज्या ५० सेंटिमीटर. पाच फुटी टेबलावर आरामात बसते! म्हणजे खरेपणाने करायचं तर आमच्या टेबलावर एकच रेल्वे मावत होती, ती म्हणजे बुटकी, अरुंद रुळांची.

हे सगळं कळल्यावर लायब्ररीत नॅरोगेजवर काय मिळतं ते शोधताना एका जाड पुस्तकात एक फोटो दिसला. लांबच लांब जेवणाचं टेबल, त्यावर रूळ, आणि रुळांवर चांदीची आगगाडी. मनात म्हटलं, आपल्या आधी कुणीतरी टेबलावर गाडी चालवलीय. आणि ती बहुतेक घसरत नसावी.

माधवरावांचा जन्म २० ऑक्टोबर १८७६ चा. शिंदे घराणं मूळचं सातारा जिल्ह्यातल्या कण्हेरखेडचं, म्हणजे आपल्या शेजारचंच. राणोजी शिंद्यांपासून उत्तरेत गेलं, महादजींनी दिल्लीपर्यंत दरारा बसवला आणि पुढे ग्वाल्हेरला कायमचं स्थिरावलं. माधवरावांचे वडील जयाजीराव. त्यांनीच १८७४ साली जयविलास राजवाडा बांधून पुरा केला. त्याच्या दरबार हॉलमध्ये प्रत्येकी साडेतीन टन वजनाची दोन झुंबरं आहेत आणि ती टांगण्याआधी छत पेलतं का हे बघायला वर हत्ती चढवले होते असं सांगतात. (स्ट्रक्चरवाल्यांनी या लोड टेस्टवर मत द्यावं.) जयाजीरावांनाही रेल्वेचं महत्त्व कळलं होतं. आग्रा ते ग्वाल्हेर या मार्गासाठी त्यांनी इंग्रज सरकारला ७५ लाख रुपये कर्जाऊ दिले होते. म्हणजे ज्यांच्या राज्यातून गाडी जायची, तेच गाडीला पैसे देणार, आणि गाडी मात्र सरकारची!

जून १८८६ मध्ये जयाजीराव वारले आणि नऊ वर्षांचे माधवराव गादीवर आले. इथे मला आपल्या शाहू महाराजांची आठवण झाल्याशिवाय राहिली नाही. शाहू महाराज १८८४ मध्ये दत्तक येऊन गादीवर बसले तेव्हा तेही नऊ वर्षांचेच होते. दोघांच्या नावाने कारभार दुसरेच बघत होते, दोघांना इंग्रजी पद्धतीचं शिक्षण मिळालं, आणि दोघांच्या हाती पूर्ण अधिकार आले तेही एकाच वर्षी, १८९४ ला. वयात जेमतेम सव्वादोन वर्षांचं अंतर. रेल्वेच्या बाबतीतही दोघांच्या गोष्टी समांतर रुळांसारख्या चालतात. कोल्हापूर-मिरज रेल्वेच्या कामाची सुरुवात १८८८ मध्ये शाहू महाराजांच्या हस्ते झाली, त्या वेळी ते मिसरूड न फुटलेले राजे होते. १८९१ च्या एप्रिलमध्ये आपल्या स्टेशनात पहिली गाडी आली. ती मीटरगेज होती. दक्षिणेकडची सगळी लाइन मीटरगेज, म्हणून आपलीही मीटरगेज. कोल्हापूरला गेज निवडायची फारशी संधीच नव्हती. मिरजेला जे होतं त्याला जोडून घ्यायचं होतं.

माधवरावांचं तसं नव्हतं. त्यांनी गेज स्वतः निवडलं. आणि निवडलं ते आधी खेळण्यासाठी!

त्यांना यंत्रांचं वेड होतं. वेड हा शब्द मी विचार करून वापरते, आपल्याकडे नाद म्हणतात तसा नाद. अधिकार हाती आले त्या सुमारास, म्हणजे १८९० नंतरच्या दशकात, त्यांनी राजवाड्याच्या आवारात दोन फुटी गेजचे रूळ टाकून घेतले. दोन फूट म्हणजे ६१० मिलिमीटर. माथेरानची गाडी ज्या रुळांवर चालते तेच गेज, पण माथेरानची गाडी १९०७ ची, ही तिच्याही आधीची. त्या छोट्या गाडीचं इंजिन महाराज स्वतः चालवायचे. कोळशाने हात काळे करून घेणारा राजा तेव्हा लोकांना कसा वाटला असेल याची कल्पना करा. बाग फिरायला, पाहुण्यांना हिंडवायला, शिकारीच्या तळाकडे जायला, असा तो खेळ होता.

आता दोन फूटच का? कारण बागेत तेच मावतं. झाडं, कारंजी, कोपरे, या सगळ्यांतून वळून जायचं तर त्रिज्या लहान हवी, आणि लहान त्रिज्या पाहिजे असेल तर गेज लहान हवं. गाडी वळताना बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जास्त अंतर जातं, आणि दोन्ही चाकं एकाच आसावर घट्ट बसवलेली असल्यामुळे ती रुळावर थोडी घासत वळतात. रूळ जितके जवळ, तितका हा फरक कमी. शिवाय लहान गेजवर डबे आणि इंजिनंही आखूड, त्यामुळे तीव्र वळणात आणि तीव्र कोनाच्या सांध्यात चाकं अडकत नाहीत. आम्ही टीटी टेबलावर जे गणित करून काढलं ते महाराजांच्या बागेने त्यांना आधीच शिकवलं होतं असं मला वाटतं.

पण ते तिथे थांबले नाहीत, आणि इथेच हा माणूस मला नुसत्या शौकीन राजापेक्षा वेगळा वाटायला लागला. तेच दोन फुटी रूळ त्यांनी राजवाड्याच्या फाटकाबाहेर काढले. ग्वाल्हेर लाइट रेल्वे हे त्या रेल्वेचं नाव. १८९९ पर्यंत तिच्या दोन शाखा तयार झाल्या. एक ईशान्येला भिंडपर्यंत, ५३ मैल. दुसरी दक्षिणेला शिवपुरीपर्यंत, ७४ मैल. शिवपुरीला तेव्हा सिप्री म्हणत आणि ती संस्थानची उन्हाळी राजधानी होती. मग तिसरी शाखा पश्चिमेकडे निघाली. १९०४ मध्ये जौरा आणि सबलगढ, १९०८ मध्ये बीरपूर, १९०९ मध्ये श्योपूर. एकटी श्योपूरची लाइन सुमारे २०० किलोमीटर. तीन शाखा मिळून चारशे किलोमीटरच्या आसपास रूळ, सगळे दोन फुटी. बागेतलं खेळणं दहा-पंधरा वर्षांत आख्ख्या संस्थानभर पसरलं.

जिथे बैलगाडीशिवाय काही जात नव्हतं अशा भागात हे रूळ गेले. चंबळच्या आसपासचा तो प्रदेश घळींनी फाटलेला. तिथे रुंद गेजला मोठे भराव, मोठे पूल, जड रूळ, आणि त्याला लागणारा पैसा कुठलं संस्थान एका दमात काढणार? अरुंद गेज म्हणजे कमी जमीन, हलका रूळ, छोटा पूल, घळ चुकवून वळसा घालायची सोय. म्हणजे त्या पैशात ब्रॉडगेज झाली असती तर ती कदाचित एका गावापर्यंत गेली असती. दोन फुटीमुळे ती तीन टोकांना गेली. हा हिशेब मला पटतो.

न पटणारी बाजूही आहे. ग्वाल्हेर स्टेशनात एकीकडे ब्रॉडगेज आणि दुसरीकडे दोन फुटी. एका गेजचा डबा दुसऱ्यावर जाऊच शकत नाही. म्हणजे भिंडचं धान्य ग्वाल्हेरला आलं की पोतं न् पोतं हमालांनी उतरवून दुसऱ्या डब्यात भरायचं. आपल्या भागाने हा त्रास चांगला भोगलाय. पुण्यापर्यंतची आपली लाइन मीटरगेज होती, त्यामुळे मुंबईला जाणाऱ्या मालाला पुण्यात डबा बदलायला लागायचा. १९७१ मध्ये ब्रॉडगेज झाली तेव्हा कुठे तो सुटला. आणि मिरज तर काय, एकेकाळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि बार्शी लाइट रेल्वेचं अडीच फुटी नॅरोगेज अशी तिन्ही गेजं एकाच जंक्शनात! लांबून बघायला मजा, पण हमालाच्या पाठीला विचारा.

आता ती चांदीची गाडी. ती आली १९०६ च्या सुमारास. इंग्लंडात नॉर्थॅम्प्टन गावी बॅसेट-लोके नावाची कंपनी होती, मॉडेल रेल्वे करण्यात तिचं मोठं नाव. ही गाडी तिथलीच. विजेवर चालणारं छोटं इंजिन, मागे सात डबे. डब्यांवर एकेक इंग्रजी अक्षर : एस, सी, आय, एन, डी, आय, ए. (मराठीत शिंदे लिहिलं असतं तर दोन डब्यांत भागलं असतं!) जेवण झालं की मेजवानीच्या टेबलावरच्या रुळांवरून ही गाडी पाहुण्यांसमोरून फिरायची आणि डब्यांतून ब्रँडी, पोर्ट, चिरूट असं काय काय घेऊन यायची. पाहुण्याने काचेची सुरई उचलली की गाडी तिथल्या तिथे थांबायची. परत ठेवली की पुन्हा चालू. हे कसं होत असेल यावर आमच्या रूमवर दोन रात्री वाद झाला. आमचा अंदाज असा की सुरईच्या वजनाने खाली एक स्प्रिंगचा संपर्क दाबला जात असणार, ती उचलली की सर्किट तुटतं. म्हणजे आजच्या भाषेत लिमिट स्विच. १९०६ मध्ये!

या गाडीची एक गोष्ट फार रंगवून सांगतात. एका मोठ्या मेजवानीला सर्किटमध्ये बिघाड झाला आणि गाडी बेफाम सुटून पाहुण्यांच्या अंगावर सांडासांड करत फिरली. खरी की खोटी, देव जाणे. मला स्वतःला शंका आहे. गाडी तितक्या वेगाने टेबलाच्या टोकाच्या वळणावर गेली असती तर आधी रुळावरूनच उतरली असती. पण आमच्या प्रदर्शनानंतर मी कुठल्याच गाडीबद्दल छातीठोकपणे बोलत नाही.

ती गाडी आज जयविलासमधल्या जिवाजीराव शिंदे म्युझियममध्ये ठेवलेली आहे. १९६४ पासून राजवाड्याचा तो भाग लोकांना बघायला खुला आहे.

खेळकर माणूस होते. एक एप्रिलला लोकांना फजीत करायची त्यांना मोठी हौस. पण कामातही तितकेच कडक. कारभाराची खाती कशी चालावीत याच्या नियमावल्यांत ते स्वतः लक्ष घालत. दौरे काढत, अचानक तपासणी करत. किल्ल्यावर १८९७ मध्ये त्यांनी सरदारांच्या मुलांसाठी शाळा काढली, तीच आजची सिंदिया स्कूल. १९०० मध्ये चीनमध्ये बॉक्सर बंड झालं तेव्हा इंग्रजांच्या फौजेबरोबर स्वतः गेले आणि ग्वाल्हेर नावाचं एक हॉस्पिटल जहाज दिलं. इंग्रजांवरची ही निष्ठा पुढे फारच वाढली. १९१३ च्या लग्नानंतर, गजराराजे यांच्यापासून, त्यांना मुलगी आणि मुलगा झाला. मुलीच्या नावाला मेरी आणि मुलाच्या नावाला जॉर्ज जोडलं, इंग्लंडच्या राजाराणीवरून. मला हे वाचून कसंतरीच झालं. त्याआधी बडोद्याच्या इंदिराराजांशी त्यांचं लग्न ठरलं होतं, पण ते त्या मुलीनेच मोडलं. सयाजीरावांची ती लेक, वयाने कितीतरी लहान, आणि तिला कूचबिहारच्या राजपुत्राशी लग्न करायचं होतं. संस्थानी काळात मुलीने असं कळवणं म्हणजे धाडसच. (लेडीज हॉस्टेलतर्फे तिला सलाम.)

रुळांशी त्यांचा आणखी एक संबंध आहे आणि तो मला सगळ्यात मोठा वाटतो, पण त्याबद्दल फार थोडं बोललं जातं. जमशेदपूरचा टाटांचा पोलाद कारखाना उभा राहत होता तेव्हा भागभांडवल जमल्यावरही आणखी पैसा लागणार होता. त्यासाठी चार लाख पौंडांचे डिबेंचर काढले गेले, आणि ते सगळेच्या सगळे माधवरावांनी एकट्याने घेतले. चार लाख पौंड, त्या काळचे! वडिलांनी इंग्रजांच्या रेल्वेला कर्ज दिलं, मुलाने हिंदी पोलादाला. पुढे पहिल्या महायुद्धात त्याच कारखान्याचे रूळ मेसोपोटेमियात लष्करी रेल्वेसाठी गेले. इंग्रजांना मेरी आणि जॉर्ज देणारा माणूस आणि हा, दोन्ही एकच. मला याचा नीट मेळ लागत नाही आणि मी लावायचा प्रयत्नही करत नाही.

सगळंच यशस्वी झालं असं नाही. ग्वाल्हेरजवळ सांक नदीवर तिघरा धरण बांधलं. ते १९१७ मध्ये फुटलं. सिव्हिलवाल्यांना हे उदाहरण माहीत असेल. खालच्या वालुकाश्मात पाणी झिरपलं आणि दगडी भिंतीचा भाग पायावरून सरकून गेला. खाली मोठी मनुष्यहानी झाली. नंतर ते पुन्हा बांधलं आणि ग्वाल्हेर शहर आजही त्याचं पाणी पितं. पाया तपासणं हे रूळ निवडण्यासारखंच, वर काही उभं राहिल्यावर करता येत नाही. आपल्याकडे शाहू महाराजांनी राधानगरीचं काम हाती घेतलं ते १९०७ च्या सुमाराचं, म्हणजे दोघेही एकाच काळात पाण्याच्या मागे लागलेले. सामाजिक बाबतीत मात्र तुलना होऊ शकत नाही. १९०२ मध्ये नोकऱ्यांत ५० टक्के जागा मागास वर्गांसाठी राखून ठेवणारे शाहू महाराज ते शाहू महाराजच. मी कोल्हापुरात आहे म्हणून म्हणते असं समजू नका.

हे दोघे एका कामात मात्र खरोखर एकत्र आले. १९१७ मध्ये पुण्यात अखिल भारतीय श्री शिवाजी स्मारक सोसायटी स्थापन झाली ती या दोघांच्या पुढाकाराने. आपल्यातले बरेच जण पुण्यात ज्यांच्या टेक्निकल इव्हेंटला जाऊन येतात ते एआयएसएसएमएस कॉलेज याच सोसायटीचं. स्मारकाची कोनशिला १९२१ च्या नोव्हेंबरमध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते बसली. शिवरायांचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला १९२८ मध्ये, शिल्पकार करमरकरांनी घडवलेला. तो प्रचंड पुतळा मुंबईहून पुण्याला आणला रेल्वेनेच, घाटातल्या बोगद्यांत तो मावेल का याची धाकधूक बाळगत. तो बघायला दोघांपैकी कुणीच नव्हतं. शाहू महाराज ६ मे १९२२ ला गेले. माधवराव ५ जून १९२५ ला पॅरिसमध्ये वारले, वय वर्षं ४८. शिवपुरीला, जिथे त्यांची दोन फुटी गाडी जायची, तिथे त्यांच्या आईच्या छत्रीसमोर त्यांची संगमरवरी छत्री आहे.

गादीवर आले जिवाजीराव, वय नऊ पुरं व्हायला तीन आठवडे बाकी. पुन्हा नऊ वर्षांचा राजा!

गाडी मात्र चालत राहिली. १९५१ मध्ये सेंट्रल रेल्वे झाली तेव्हा ग्वाल्हेरचे दोन फुटी रूळ तिच्यात गेले. राजवाडा म्युझियम झाला, संस्थान गेलं, तनखे गेले, पण बागेतल्या वळणांना सोयीचं म्हणून घेतलेलं ते गेज श्योपूरच्या माणसाच्या नशिबी राहिलं. २०० किलोमीटरला दहा-अकरा तास. डब्यात जागा नाही म्हणून टपावर बसलेली माणसं, असे फोटो तुम्हीही पाहिले असतील. परदेशी लोक ते बघायला मुद्दाम यायचे. पण ज्याला दवाखान्यात ग्वाल्हेरला जायचं असेल त्याला त्या फोटोत काय गंमत वाटणार? तरी त्या भागात कितीतरी वर्षं स्वस्तात जायचं दुसरं साधन नव्हतं हेही तितकंच खरं. भिंड आणि शिवपुरीच्या लाइन आधीच बंद होऊन तिथे ब्रॉडगेज आली होती. श्योपूरची गाडी २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊनला थांबली ती पुन्हा सुटलीच नाही. रूळ उखडून आता तिथे टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज होत आहे. कोवळ्या वयाच्या राजाने केलेली निवड सव्वाशे वर्षं पुरली.

आमच्या टेबलाचं काय झालं ते सांगायचं राहिलं. या वर्षी आम्ही आधी गाडी ठरवली. ग्वाल्हेरचीच करायची खूप इच्छा होती, पण ६१० ला ८७ ने भागलं की ७ मिलिमीटर येतात, आणि त्याच्या जवळचे जे साडेसहा मिलिमीटरचे रूळ असतात ते महाग, मिळायला अवघड आणि इतके नाजूक की हॉस्टेलमध्ये टिकणार नाहीत. मग बार्शी लाइनचं ७६२ भागून बघितलं. पावणेनऊ मिलिमीटर! ९ मिलिमीटरचे रूळ सहज मिळतात. ते असतात दुसऱ्या प्रमाणाच्या मॉडेलसाठी, त्यामुळे स्लीपर फार जवळजवळ दिसतात, म्हणून एक सोडून एक स्लीपर ब्लेडने कापून टाकले. सांधे या वेळी १:६ चे घेतले, १:४ चे नाहीत. (खऱ्या रेल्वेत प्रवासी गाडीसाठी १:१२ लागतो. तो ८७ पटीने लहान केला तरी हातभर लांब होतो, टेबलावर दुसरं काही ठेवायला जागाच राहत नाही.) फ्रॉग धातूचा, आणि सांधा ज्या बाजूला वळेल त्या बाजूचा करंट त्याला देणारा स्विच खाली. स्विच जुन्या मिक्सरचा आहे, मेसच्या मावशींनी दिला.

स्टेशन मिरज करतोय, नॅरोगेजचा प्लॅटफॉर्म. इंजिन चारही सांध्यांवरून सलग बावीस फेऱ्या न घसरता गेलं, मग लाइट गेली. टेबल अजून कॉमन रूममध्येच आहे. टीटीवाल्यांनी कृपया परीक्षा संपेपर्यंत धीर धरावा.